पीठ आणि बियाणे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी नावाचे गाव आहे. या जिल्ह्यास पूर्वी अहमदनगर म्हणत. हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ रिते होतात आणि पारनेरच्या माळावर येईतो त्यांच्यापाशी फारसे पाणी उरत नाही. जे थोडके पडे, तेही पूर्वी डोंगरउतारावरून धावत ओढ्यास मिळे आणि गावाबाहेर निघून जाई. उन्हाळा लागला की विहिरींचे तळ दिसू लागत.

गावाजवळ एक पाझर तलाव होता. पाझर तलावाचे काम मोठे चमत्कारिक असते. त्यातील पाणी वर्षभर टिकावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. ते हळूहळू भूमीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मिळावे, एवढ्यासाठीच तो बांधलेला असतो. परंतु राळेगणच्या तलावातील पाणी भूमीत मुरण्याआधी बांधातूनच निसटून जाई. तलाव होता, पण नसल्यासारखा! १९७५ साली सैन्यातील नोकरी संपवून अण्णा हजारे गावी परतले. त्यांनी व गावकऱ्यांनी श्रमदानाने तो बांध दुरुस्त केला, आणि पुढे उन्हाळ्यातही बांधाखालच्या विहिरींना पाणी राहू लागले. राळेगणच्या पाणलोटाचे जे काम पुढे देशभर गाजले, त्याचा आरंभ असा एका गळक्या बांधापासून झाला.

या हकीकतीतील एक गोष्ट इतकी साधी आहे की ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो बांध उघड्यावर होता. पाणी कोठून गळते हे गावकऱ्यांना पायी हिंडून पाहता आले. माती, दगड, पाट्या, फावडी हाताशी होती आणि ‘बांधास हात लावू नका’ असे म्हणणारा कोणी नव्हता. समजा, त्या बांधाभोवती कोणी उंच भिंत घातली असती आणि गावास बजावले असते, की ‘पाणी हवे असेल तर भाडे द्या, गळती आढळली तर आम्हांस कळवा, सवड झाली म्हणजे पाहू, मात्र भिंतीवरून आत डोकावाल तर तो अपराध होईल,’ तर त्या विहिरींचे काय झाले असते?

संगणकाच्या जगात अशा भिंती पुष्कळ आहेत. त्या न पाडता, शेजारीच भिंतीविना नवा बांध घालणारी माणसेही त्या जगात निघाली. ही हकीकत त्या माणसांची आणि त्यांच्या कामाची आहे.

संगणकाच्या कळफलकावर तुम्ही ‘क’ हे अक्षर उमटवता, तेव्हा आत किती धावपळ होते याची कल्पना करा. संगणकाला अक्षर ठाऊक नसते; त्याला केवळ अंक समजतात. जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना युनिकोड नावाच्या एका सर्वमान्य संकेताने क्रमांक नेमून दिले आहेत आणि त्यात आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. कळ दाबली गेली हे ओळखावयाचे, तिचा अर्थ २३२५ असा लावावयाचा, तो अंक तुम्ही उघडलेल्या लेखातच पोहोचवावयाचा, त्या अंकाची आकृती शोधावयाची आणि ती पडद्यावर योग्य जागी रेखाटावयाची. ही सारी व्यवस्था जी पाहते तिला कार्यप्रणाली, किंवा रोजच्या बोलण्यात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. गावगाड्यात पाटील, कुलकर्णी, कोतवाल या सर्वांनी मिळून जे करावयाचे, ते सारे संगणकात ही एकटी करते. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसती धातूची व काचेची पेटी होय.

कार्यप्रणाली माणसेच लिहितात. ज्यास ती भाषा येते त्यास वाचता येईल अशा अक्षरांत ती प्रथम लिहिली जाते. त्या लेखनास मूळ संहिता म्हणतात. पण यंत्रास ती तशीच चालत नाही. तिचे रूपांतर करून शून्य आणि एक यांच्या लांबच लांब रांगा कराव्या लागतात. जात्यात धान्य घालावे आणि खाली पीठ पडावे, तसेच हे आहे. पिठाची भाकरी होते, पोट भरते. परंतु पीठ शेतात पेरून काही उगवत नाही, आणि पिठाकडे पाहून दाणा कसा होता हेही नीटसे सांगता येत नाही. विंडोजसारखी बाजारातील कार्यप्रणाली विकत घेतली म्हणजे आपणास हे पीठ मिळते; बियाणे विकणाऱ्याच्या कोठारात कुलूपबंद राहते. मुक्त कार्यप्रणालीत पिठाबरोबर बियाण्याचे पोतेही दारात येऊन पडते. पेरावे, न पेरावे, ही ज्याची त्याची मर्जी.

येथे ‘मुक्त’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही अर्थांस एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडील लोकांचे या बाबतीत फार घोटाळे होतात. मराठीस ती अडचण नाही. मुक्त प्रणाली बहुधा फुकट मिळते हे खरे. पण फुकट मिळणारी प्रत्येक वस्तू मुक्त असतेच असे नाही. तीर्थक्षेत्री फुकट मिळणारे पीठ म्हणजे काही बियाणे नव्हे.

हा विचार निघाला एका छपाई यंत्रावरून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एका प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथील प्रयोगशाळेस एक नवे छपाई यंत्र भेट मिळाले. यंत्र वेगवान होते, पण त्यात कागद वारंवार अडके. ते होते दुसऱ्या दालनात. माणसाने छपाईचा हुकूम सोडावा, तासाभराने जाऊन पाहावे, तो कागद पहिल्याच पानावर अडकलेला! पूर्वीच्या यंत्राची हीच खोड होती. पण त्याची मूळ संहिता हाती असल्याने स्टॉलमनने तीत थोडी भर घातली होती. कागद अडकला की वाट पाहत असलेल्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना येई आणि कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या यंत्राबरोबर संहिता आलीच नव्हती. ती दुसऱ्या एका विद्यापीठातील गृहस्थापाशी आहे असे कळताच स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्या गृहस्थाने साफ नकार दिला. ‘कोणास दाखवणार नाही’ असे वचन त्याने कंपनीस लिहून दिले होते.

गोष्ट तशी क्षुल्लक. कागदच तो, आज अडकला, उद्या सुटेल. परंतु स्टॉलमनला वाटले, की शेजाऱ्यास मदत न करण्याचे वचन देणे हेच मुळी अनुचित आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जाहीर केले, की आपण एक संपूर्ण कार्यप्रणाली नव्याने लिहिणार आणि ती सर्वांस खुली ठेवणार. तिचे नाव ग्नू. पुढे १९८९ मध्ये त्याने या कामासाठी एक परवाना तयार केला. सामान्य परवान्यात ‘हे करू नये, ते करू नये’ असे लिहिलेले असते. या परवान्याने मात्र घेणाऱ्यास प्रणाली वापरण्याची, आत डोकावून ती अभ्यासण्याची, तीत फेरफार करण्याची आणि इतरांस वाटण्याची मोकळीक दिली. अट काय ती एक: जो कोणी ती प्रणाली पुढे वाटील, त्याने ही मोकळीक घेणाऱ्यासही द्यावी, स्वतः बियाणे घेऊन दुसऱ्यास नुसते पीठ विकू नये.

राळेगणात धान्यबँक होती. ज्याच्या घरी पीक चांगले येई त्याने तीत धान्य घालावे, अडलेल्याने न्यावे आणि सुगीला नेलेले धान्य वर थोडी भर घालून परत आणावे, अशी तिची रीत. स्टॉलमनच्या परवान्यात हीच रीत आहे असे मला वाटते. भेद एवढाच, की धान्याचे पोते एकाने नेले तर दुसऱ्यास उरत नाही, आणि संहिता हजारांनी नेली तरी कोठारातील रास तसूभरही कमी होत नाही.

स्टॉलमनच्या ग्नूमध्ये साधने पुष्कळ जमली, पण जो भाग यंत्राच्या हृदयाशी बोलतो तो गाभा काही पुरा होईना. तो आला अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने इतर संगणकप्रेमींस कळवले, की आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. हा केवळ आपला छंद आहे, ती काही मोठी वगैरे होणार नाही. त्याचा अंदाज इतका चुकला की त्यास तोड नाही! त्याने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या गाभ्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. आज लिनक्सच्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्या लिहिणारे हात जगाच्या पाठीवर सर्वत्र पसरले आहेत. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने हा गाभा स्टॉलमनच्या परवान्याखाली आणला. गाभा आणि साधने एकत्र आली व मुक्त कार्यप्रणाली सिद्ध झाली.

योगायोग पाहा. याच १९९१ साली पुण्यात सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक पुरा केला. अमेरिकेने महासंगणक देण्यास अडवणूक केली म्हणून तो आपल्याकडे बांधावा लागला होता. त्या वेळी त्याचा लिनक्सशी काही संबंध नव्हता. परंतु २०१७ च्या नोव्हेंबरात जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघाली, तेव्हा त्यांतील प्रत्येक लिनक्सवर चालत होता. पारनेरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे आकाशातील रेडिओलहरी टिपणाऱ्या ३० प्रचंड तबकड्या आहेत. एकेकीचा व्यास ४५ मीटर. त्या साऱ्यांनी ऐकलेले एकत्र जुळवण्यासाठी तेथे लिनक्सवर चालणारे संगणक कामास लावण्यात आले. एवढे लांब तरी कशास जा? घरातील फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याचाही गाभा लिनक्सच आहे. म्हणजे ‘आम्ही ही प्रणाली कधी वापरली नाही’ असे म्हणणारे बहुतेक लोक ती खिशात घेऊन हिंडत असतात.

आता आपल्या भाषेकडे वळू. परक्या देशात लिहिलेली कार्यप्रणाली मराठीस चालवून घेणे हे वाटते तितके सोपे काम नव्हते. पुढील दोन शब्द मोठ्याने वाचा: आचार्यास, आचाऱ्यास. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. भेद केवळ रकाराचा. दर्या म्हणजे सागर आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. पापणीच्या केसासारखा वळलेला हा अर्धा ‘र’ हिंदीस लागत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून अडते. देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून संगणक तयार केला, तर ‘आचाऱ्यास वरण करावयास सांगा’ या वाक्यात बिचारे आचार्य चुलीपाशी जाऊन बसतील. हा ‘र’ नीट उमटावा यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ला २३५३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘ॲ’ची गोष्ट अशीच. ‘ॲप’ किंवा ‘ॲल्युमिनियम’ लिहिताना आपण जे अक्षर वापरतो, त्यास २००८ साली युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला. तोवर मंडळी कशीबशी वेळ मारून नेत.

क्रमांक मिळाला तरी आकृती हवी. रेड हॅट या लिनक्सचे काम करणाऱ्या कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी लोहित नावाचे टंक मुक्त केले. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या नावातील तांबड्या टोपीवरून ते नाव आले असणार, हे चतुर वाचकाने ओळखलेच असेल. या टंकांवर पुण्यातील अभियंत्यांनी पुष्कळ मेहनत घेतली. त्यांत मराठीसाठी निराळी सोय करावी लागली, कारण आपल्या ‘ल’चे आणि ‘श’चे वळण हिंदीच्या छपाईतील वळणाहून वेगळे असते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वळणाने काय बिघडते? पण ज्याने लहानपणी पाटीवर ‘ल’ गिरवला आहे, त्यास दुसऱ्या वळणाचा ‘ल’ परक्या घरी राहिलेल्या लेकरासारखा दिसतो. कंपनीच्या कुलूपबंद प्रणालीत हे वळण बदलावयाचे तर अर्ज करून वाट पाहत बसावे लागते. येथे ज्यास खटकले त्यानेच हात घातला.

यापुढचे काम होते शब्दांचे. पडद्यावरील प्रत्येक आज्ञा, प्रत्येक सूचना मराठीत आणावयाची. हे काम अनेकांनी, पुष्कळदा आपले पोटापाण्याचे काम सांभाळून, रात्री जागून केले आहे. त्यांच्यात वादही थोडे होत नाहीत. लेख सुरक्षित ठेवण्याच्या आज्ञेस ‘साठवा’ म्हणावे की ‘जतन करा’? मला स्वतःला ‘साठवा’ आवडते. ते कणगीतून आल्यासारखे वाटते. परंतु ‘जतन’मध्ये जी माया आहे ती ‘साठवा’त नाही, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही.

रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्याच्या लहानशा शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे संगणक आले. पहिली ते चौथीचे वर्ग, मुले वीस-बावीस आणि शिक्षक एकच! ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचे ते संगणक लिनक्सवर चालत. भर उन्हात त्यांचा पडदा वाचता येई. त्यांच्या डोक्यावर सशासारखे दोन कान असत आणि त्या कानांच्या साहाय्याने ते एकमेकांशी बोलत. पण त्यांच्या कळफलकावरील एका कळीचा उल्लेख करावाच लागेल. ती दाबली की समोरचा खेळ किंवा चित्रे काढण्याचे साधन कसे लिहिले आहे, ते पडद्यावर दिसावे अशी योजना होती. म्हणजे बियाणे पाहण्याची कळ! दहा वर्षांच्या मुलास त्यातले किती कळेल, असा प्रश्न कोणीही विचारील. थोडेच कळेल, पण आत पाहण्याची मनाई नाही हे त्यास निश्चित कळेल. ही योजना पुढे आपल्या देशात फारशी पसरली नाही. यंत्रांची दुरुस्ती, वीज, शिक्षकांची तयारी हे प्रश्न केवळ यंत्र देऊन सुटत नाहीत.

केरळ राज्याने हे ओळखले होते. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी संगणकशिक्षणाची मोठी योजना सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले गेले. त्यांनी नुसती यंत्रे बदलली नाहीत; हजारो शिक्षकांस शिकवले, शाळांना उपयोगी साधने निवडून मल्याळम भाषेसह स्वतःची निराळी आवृत्ती रचली, पाठ्यपुस्तके तिच्यावरच बेतली आणि परीक्षाही तिच्यावरच घेतली. आपल्या केंद्र शासनाच्या सी-डॅकनेही २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती काढली.

पालट सर्वत्र टिकतोच असे मात्र नाही. जर्मनीतील म्यूनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले. दहा वर्षे खपून सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यात राजकारण किती आणि अडचणी किती, यावर तेथील लोक अद्याप वाद घालतात.

अडचणी असतात, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडील सर्वांत मोठी अडचण जुन्या मराठी लेखांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे टंक विकले जात, त्यांत एक युक्ती असे. आत साठवलेले अक्षर इंग्रजीच असे; त्यावर फक्त मराठी आकृतीचा मुखवटा चढवलेला असे. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे मुखवटा गळून पडतो आणि शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव, कोणाचे तरी आत्मचरित्र, सारे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या निरर्थक कचऱ्यासारखे दिसू लागते. संगणक बदलणाऱ्याने प्रथम असे लेख शोधावेत आणि ते युनिकोडमध्ये पालटून घ्यावेत. त्यासाठी साधने मिळतात. तरीही पालटलेला मजकूर माणसाने एकदा वाचून पाहावाच, कारण जोडाक्षरे फसतात. दुसरी अडचण काही छपाई यंत्रांची आणि विशिष्ट कामांसाठी लिहिलेल्या साधनांची. त्यांतील काही केवळ विंडोजवरच चालतात.

हा प्रश्न आता पुष्कळ शाळांच्या दाराशी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. तिच्यात नवी गळती सापडली तर ती बुजवण्याची पूर्वीची व्यवस्था संपली. यानंतरची प्रणाली, विंडोज ११, जुन्या यंत्रांवर बसवण्यास कंपनीची संमती नाही. काही विशिष्ट भाग यंत्रात असावे लागतात. म्हणजे यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कळा शाबूत, आणि तरी ते निकामी ठरवले जाते! अशा यंत्रांवर लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या चांगल्या चालतात. त्या आधी बसवाव्या लागतात असेही नाही. बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर संपूर्ण कार्यप्रणाली भरता येते. तो लावून संगणक सुरू केला की जुन्या प्रणालीस धक्का न लावता नवी चालवून पाहता येते. ध्वनी ऐकू येतो का, छपाई होते का, ‘आचाऱ्यास’ नीट उमटते का, हे पाहावे. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. संगणक होता तसाच राहतो. पटले, तरी बसवण्याआधी सर्व लेखांची एक प्रत अन्यत्र काढून ठेवणे विसरू नये. ही घाई पुष्कळांस महागात पडली आहे.

एक शंका उरते. तीन कोटी ओळी वाचणार कोण? आपल्या शाळेतील कोणी वाचणार नाही, गावातीलही बहुधा नाही. मग ती उघडी असल्याचा लाभ काय? २००२ साली महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि २००५ साली तो देशभर झाला. राळेगणहून चाललेल्या आंदोलनाचा त्यात मोठा वाटा होता. सरकारी कचेरीतील प्रत्येक कागद प्रत्येक माणूस पाहतो असे थोडेच आहे! परंतु कोणीही, केव्हाही पाहू शकतो, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते.

मार्च २०२४ मधील घटना या बाबतीत सांगण्याजोगी आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत एक्सझेड नावाचे, लेख दाबून लहान करणारे साधन असते. ते सांभाळणारा एक माणूस थकून गेला होता. त्यास मदत करण्याच्या निमित्ताने कोणा अज्ञाताने दोन-तीन वर्षे सलग काम केले, विश्वास संपादन केला आणि मग त्या साधनात चोरवाट खोदून ठेवली. ती वाट सर्वत्र पसरली असती तर जगातील असंख्य संगणकांची कुलपे त्याच्या किल्लीने उघडली असती. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता आपले दुसरेच काम तपासत असता त्याच्या ध्यानात आले, की दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद उशीर होत आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. तो त्या उशिराचा माग काढत आत उतरला, आणि वाटेत कोठेही भिंत नसल्याने थेट चोरवाटेपर्यंत पोहोचला. २९ मार्च रोजी त्याने ती उघड केली. गमतीची गोष्ट म्हणजे हा फ्रॉइंड नोकरीस होता तो विंडोज बनवणाऱ्या कंपनीतच.

तेव्हा उघड्या बांधासही भोके पाडणारे असतात, आणि थकलेल्या एकट्या राखणदारावर सारा बांध सोडून देणे हे गावाच्या अंगाशी येऊ शकते. ते भोक सापडले, कारण कोणीतरी बांधावरून पायी चालत होते.

तीन कोटी ओळींपैकी एकही न वाचता तुम्हांस आजच करता येईल असे एक काम आहे. लिनक्सच्या संगणकावर भाषा म्हणून मराठी निवडा आणि पडदा नीट वाचा. पुष्कळ शब्द चांगले आढळतील. काही ठिकाणी मात्र अनुवाद करणाऱ्याची डुलकी लागलेली दिसेल: ऱ्हस्वाचा दीर्घ झाला असेल, वाक्य इंग्रजीच्या चालीने लंगडत असेल, क्वचित एखादी आज्ञा अनुवादावाचूनच राहिली असेल. ती कोठे दिसली ते टिपून घ्या. योग्य शब्द कोणता, हे वर्गात ठरवा. मतभेद झाले तर कोश काढा आणि आजीलाही विचारा. मग शिक्षकांच्या साहाय्याने ती दुरुस्ती त्या साधनाच्या मराठी अनुवादकांकडे पाठवा. तेथे कोणीतरी ती तपासते, कधी हरकत घेते, कधी त्याहून बरा शब्द सुचवते. दुरुस्ती मान्य झाली, तर त्या साधनाच्या पुढील आवृत्तीत, जेथे कोणी मराठी निवडली असेल तेथे तेथे, पडद्यावर तुमच्या वर्गाने ठरवलेला शब्द दिसू लागतो.